बाबांच्या नाण्यांसाठी भिंग

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

नौपाड्याहून निघाल्यापासून एकच दृश्य डोळ्यांसमोर आहे. बाबा, तांब्याच्या जुन्या शिवराई नाण्यावरचं ‘छत्रपति’ वाचायला तुम्ही डाव्या हातात भिंग धरलंत, उजव्या चिमटीतून नाणं निसटलं आणि दिवाणाखाली गेलं. ‘आता पुरे’ म्हणत तुम्ही डबा मिटलात. माझ्या घशात आवंढा आला.

बाबा, दोष हाताचा नाही, भिंगाचा आहे. तुमचं सराफी भिंग दहापटीचं. ते डोळ्याला टेकवून नाणं जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं, बोट जरा हललं की अक्षर गेलं. पाचपटीला हेच अंतर पाच सेंटिमीटर होतं आणि नाण्याचा जास्त भाग एकदम दिसतो. आताच्या नाण्यांवर सालाच्या आकड्याखाली असलेली टांकसाळीची खूण, म्हणजे मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, बघायला तेवढं पुरतं.

काल दुकानात, एका हाताने जमतं का ते बघायला, उजवा हात पाठीमागे धरून मी एकेक भिंग लावून पाहिलं. डोक्याला बांधायचं नको, त्याचा पट्टा आवळायला दोन हात लागतात. एकाचा स्क्रू इतका घट्ट की माझंच मनगट दुखलं. शेवटी टेबलाच्या कडेला अडकणारं, वाकवाल तिथे थांबणारं तीनपटीचं घेतलं. बारीक पाहायला पायांवर उभं राहणारं पाचपटीचं वेगळं घेतलं, ते नाण्यावर नुसतं टेकवून ठेवायचं.

दिवा मात्र तुमचा जुना टेबललॅम्पच वापरा. भिंगाभोवतीच्या गोल दिव्याचा उजेड सपाट पडतो. झिजलेल्या शिवराईला उजेड बाजूने, अगदी खालच्या कोनातून तिरपा हवा, म्हणजे अक्षरांच्या कडांना सावली येते आणि ‘श्री राजा शिव’ उठून दिसतं.

आई, काठाच्या ताटलीत मखमलीचा तुकडा अंथरून दे. नाणं उचलायचंच नाही, ताटली फिरवायची. तुलाही तासभर भिंग धरून उभं राहायला नको, तुझा खांदा आधीच धरलाय. आणि तांब्याची नाणी चिंचेने घासू नकोस गं, त्यांचा जुना रंग गेला की परत येत नाही. काम झालं की भिंगावर फडकं टाकायचं. बाल्कनीतलं ऊन त्यातून कागदावर पडलं तर जाळ होतो.

शनिवारी सकाळी येते. दिवाणाखालची शिवराई मीच काढेन, तुम्ही वाकू नका. पहिली तीच पाहू.

तुमची,
मनू