दुसरा पंप

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "आता ती बरी आहे, पुन्हा तोच विषय नको." काढणार नव्हतेच. पण रात्रभर तुझा खोकला कानात घुमत होता.

तो पेपर स्प्रे मीच तुझ्या पर्समध्ये कोंबला होता. खटका लॉक आहे का, पाहिलं नाही. किल्ल्यांखाली दबून बंद खोलीत उडाला, यात तुझा काही दोष नाही.

सहा वर्षांची होतीस तेव्हा डोळ्यांत वाळू गेली होती. मुठींनी डोळे चोळायला निघालीस, मी मनगटं धरली तर कडकडून चावलीस! आत्या अजून ते वळ आठवते. आणि काल तू सांगितलंस, "आई, हात पाठीमागे धरून ठेवले, मैत्रीण मगाने पाणी ओतत होती." ऐकून डोळे भरून आले माझे. तो मिरचीचा अर्क तेलकट असतो, चोळला की पसरतो.

तुझा दम्याचा पंप त्याच पर्समध्ये होता ना?

आधी मोकळ्या हवेत गेलीस ते छान केलंस. पण टी-शर्ट डोक्यावरून ओढायला नको होता, म्हणून तर चेहऱ्याची पुन्हा आग झाली. असा कपडा सरळ कापावा. हात साबणाने धुऊन लेन्स लगेच काढायच्या आणि टाकूनच द्यायच्या. डोळ्यांत गार पाणीच, दहा-पंधरा मिनिटं, उघडझाप करत. साबण फक्त त्वचेला, तोही सौम्य. दुधाचा पाण्याहून जास्त उपयोग होत नाही. क्रीम तर लावूच नकोस, तेल अडकून बसतं. बहुतेकदा तासाभरात आग उतरते. त्यानंतरही अंधूक दिसलं, उजेड सोसला नाही तर डॉक्टरांकडे जायचं, आणि छाती आवळली तर तासभरही थांबायचं नाही.

बघ, व्याख्यानच झालं. रागावू नकोस. एवढी मोठी झालीस, सगळं नीट निभावलंस, आणि मी पुन्हा शिकवत बसले.

पण सई, पंपाच्या तोंडावरही तो फवारा बसला असेल. तसाच ओठांना लावू नकोस गं, नवा घे. दुसरा पर्सबाहेर, उशाशी ठेव. दम्याची पोर तू, दार उघडायला एक मिनिट उशीर झाला असता तर... जाऊ दे.

मोठं पत्र नको लिहूस. "पंप घेतला" एवढंच कळव.

तुझी,
आई