शाफ्टचं कव्हर

महाल, नागपूर
कोजागिरीचा आदला दिवस

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

डोळा बरा आहे. हिरवी पट्टी निघाली, थेंब चालू आहेत. खाली वाकायचं नाही, वाचायचं-लिहायचं नाही, म्हणून मी सांगतो आणि चिंटू लिहितो. फोनच करा म्हणतो पोट्टा. पण फोनवर आपलं काय होतं ते परवा आत्यानंही ऐकलं.

शाफ्टचा विषय मी काढणार नाही.

सोयाबीन सकाळी दवाचं ओलं असतं, ऊन चढल्याशिवाय थ्रेशर लावू नको. ओल्या शेंगा ड्रमला गुंडाळतात आणि पट्टा घसरून जळतो. कोणी बियाण्यासाठी काढत असेल तर ड्रमचे फेरे कमी ठेव, नाहीतर दाण्याची डाळ होते. थ्रेशरचं डावं बेअरिंग वाजत होतं, ते बदललंस का? चिंटूला लोहाओळीत पाठवून दोन आणून ठेवलेत.

रोटावेटरची पाती बदलताना नुसत्या लिफ्टवर भरवसा नको. तेल सुटलं की ती हळूहळू खाली येतेच. लाकडी ठोकळे लाव, इंजिन बंद कर, किल्ली खिशात ठेव. आणि ओढणी घरात ठेवून ये. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरमागचा यंत्र फिरवणारा शाफ्ट, मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. कापडाचं टोक सापडलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

बघ, आलाच विषय. हे सगळं तुला आयटीआयत शिकवलंय, मी काहून सांगतो? श्रद्धानंद पेठेत तुझ्या प्रवेशाच्या दिवशी मी गेटबाहेर चहा पीत उभा होतो. डिझेल मेकॅनिकच्या रांगेत तू एकटी मुलगी. तीन चहा झाले. आत यायची हिंमत झाली नाही, हे तुला कधी सांगितलं नाही. आणि मागच्या उन्हाळ्यात तो ट्रॅक्टर एअर घेत होता तेव्हा मी दोन तास फिल्टरचा स्क्रू ढिला करून प्रायमर मारत बसलो. फेस काही थांबेना. तू आलीस, टाकीपासून पाइप बोटांनी चाचपत गेलीस आणि क्लिपखालची चीर दाखवलीस. तिथून डिझेल गळत नव्हतं, नुसती हवा आत जात होती, म्हणून मला दिसलंच नाही. गिऱ्हाइकासमोर मी काही बोललो नाही. त्या रात्री तुझ्या आईला मात्र दोनदा सांगितलं.

खंडेनवमीला तू सगळ्या पान्यांना कुंकू लावलंस, उघड्या शाफ्टलाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी परवा फोनवर ओरडलो. चुकलं.

पण तू म्हणालीस, "कव्हर तुम्हीच काढलं बाबा." हो, मीच. त्याची साखळी तुटली होती, त्यामुळे ते शाफ्टबरोबर फिरायला लागलं होतं आणि शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला ग्रीस मारताना दर वेळी आडवं यायचं. साखळी बांधायची सोडून कव्हरच उतरवलं. सहा हंगाम झाले. (हे लिहिताना चिंटूनं मान वर करून पाहिलं.)

मळणीयंत्रांचा कायदा 1983 साली झाला. पेंढी सरकवायची पन्हाळ पुरेशी लांब पाहिजे, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचत नाही. आबांनी आपल्या यंत्राची पन्हाळ कापून आखूड केली होती, काम भराभर उरकावं म्हणून. अण्णाचं 1991 साली झालं. त्यानंतर आबा अण्णासमोर कधी जेवायला बसले नाहीत. तू अण्णाला डाव्या हातानंच पोळी तोडताना पाहिलंस, म्हणून तुला ते नेहमीचंच वाटतं.

कव्हर गोठ्याच्या माळ्यावर, जुन्या जूच्या मागे आहे. फेकलं नव्हतं. तडकलं असेल तर वापरू नको, नवीन आण. पैसे तुझी आई देईल, कशाला ते तिला सांगू नको. साखळी मी इथून पाठवतो. आणि तोवर वावरातून कोणीही बोलावलं तरी

राहू दे. तुला कळलंय.

12-13 चा पाना शोधत असशील. तो माझ्या सदऱ्याच्या खिशात इथे आला. आत्या म्हणते, ऑपरेशनच्या दिवशीही खिशातच होता.

तुझा
बाबा