तैपेईच्या चिनी वर्गांना, चुका दाखवल्याबद्दल

नॅशनल तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीच्या मँडरिन ट्रेनिंग सेंटरमधील सर्व शिक्षक, पाठ्यपुस्तककार आणि कार्यालयीन कर्मचारी यांस,

सादर प्रणाम.

आपल्याला चिनीतून लिहिलेले आभाराचे पत्र मी वेगळे पाठवत आहे. हे मराठी पत्र आपल्यापैकी कुणाला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण चिनी लिहिताना मला अजूनही शब्द मोजून खर्च करावे लागतात, आणि आपल्या ऋणाचा हिशेब तेवढ्या तुटपुंज्या भांडवलावर मांडणे मला प्रशस्त वाटले नाही. शिवाय चिनी शिकण्यासाठी कोणते ॲप चांगले, असे मला अधूनमधून विचारणाऱ्या मराठी मुलांना त्या भाषेमागे राबणारी माणसे कशी असतात हे कळावे, असाही थोडा स्वार्थ आहे.

मी 2017 मध्ये तैपेईला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझा समज झाला की मला चिनी उत्तम येते. नुसते ‘नी हाओ’ म्हटले तरी फळवाला, बसचालक, घरमालकीणबाई सगळेच ‘किती छान बोलता’ असे म्हणत. तैवानी माणसाच्या या सौजन्याबद्दल मला आदरच आहे. परंतु 1956 पासून जगभरच्या विद्यार्थ्यांचे उच्चार ऐकत आलेल्या आपल्या केंद्रात असले कौतुक मिळत नाही, हे मला पहिल्या तासाला समजले.

त्या तासाला मी उशिरा पोहोचले आणि घाईघाईने ‘माझे चुकले’ असे चिनीत म्हणाले. चिनीत चुकीला जो शब्द आहे, त्याचा आरंभीचा वर्ण आपल्या ‘चूक’मधल्या दंत्य ‘च’सारखाच, पण महाप्राण, म्हणजे श्वासाच्या झोतासह उच्चारायचा आहे. मराठीत तसा वर्ण नसल्यामुळे मी सरळ ‘चूक’मधला ‘च’ वापरला, आणि महाप्राण गळताच त्या शब्दाचा अर्थ ‘करणे’ असा झाला. म्हणजे उशिरा आल्याची क्षमा मागण्याऐवजी मी वर्गाला ‘मी केले’ असे ठणकावून सांगितले होते. लाओशींनी (आपल्याकडे ‘बाई’ म्हणावे तसे आम्ही सर्व शिक्षकांना ‘लाओशी’ म्हणत असू) कागदाची एक पट्टी माझ्या ओठांसमोर धरली आणि ती हलेपर्यंत तो शब्द पुन्हापुन्हा म्हणायला लावला. पट्टी हलायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्यांनी एकदाही ‘चालेल’ म्हटले नाही, याबद्दल त्यांचे आभार मी सर्वांत आधी मानते.

पुढे त्याच लाओशींना माझ्या वहीच्या समासात देवनागरीत लिहिलेले उच्चार दिसले. रोमन लिपी वाचून आपण ज्याला ‘बीजिंग’ म्हणतो ते खरे तर ‘पेइचिंग’च्या अधिक जवळचे आहे, आणि ‘तैपेई’चा ‘त’ वस्तुतः ‘थ’ आहे; प आणि फ, त आणि थ, क आणि ख हा भेद चिनीला हवा असतो आणि तो आमच्या वर्णमालेत आयताच आहे, हे मी त्यांना मोठ्या ऐटीत समजावून सांगितले. त्यांनी ते कौतुकाने ऐकून घेतले. मग तैवानमधली मुले शाळेत शिकतात ती 37 चिन्हांची बोपोमोफो पद्धत फळ्यावर लिहून तीही उच्चारस्थानांप्रमाणेच रचलेली असल्याचे त्यांनी दाखवले. आमची वर्णमाला कंठापासून निघून ओठांपाशी पोहोचते, तर त्यांची ओठांपासून सुरू होते, एवढाच फरक. चिनी वर्णविचाराची जुनी परंपरा बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या भारतीय शिक्षाशास्त्राचे, म्हणजे उच्चारशास्त्राचे, ऋण मानते, आणि 36 आद्यवर्णांच्या जुन्या यादीचे श्रेय शौवेन या भिक्षूला दिले जाते, हेही मला त्या दिवशी कळले. हे सगळे ऐकून मी फुशारले असतानाच लाओशींनी विचारले, ‘मग तुमचा फ ओठ मिटून का येत नाही?’ प्रश्न बिनतोड होता. ‘फळ’ आणि ‘फूल’ इंग्रजीच्या वळणाने ओठावर दात टेकवून म्हणण्याची माझी सवय त्या तैवानी बाईंनी मोडली, त्यामुळे माझे मराठीही थोडे सुधारले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

निबंध तपासणाऱ्या लाओशी निराळ्या होत्या. पारंपरिक लिपीत ‘विकत घेणे’ या अक्षराच्या डोक्यावर तीन रेघांचे एक चिन्ह बसवले की त्याचे ‘विकणे’ होते. आईवडिलांनी पुण्यात घर घेतले हे सांगताना मी ते चिन्ह उदारपणे बसवून दिले. लाल शाईने नुसती काट मारण्याऐवजी त्यांनी समासात लिहिले होते, ‘मग आता ते कुठे राहतात?’ ती दोन अक्षरे मी आयुष्यात पुन्हा चुकणार नाही.

ज्यांना मी कधी पाहिले नाही, त्यांचेही आभार मानायचे आहेत. 2015 पासून निघालेल्या आपल्या सहा खंडांच्या पाठ्यपुस्तकमालेचे काम ज्यांनी केले, त्यांनी घरभाडे, आजारपण, बसचा मार्ग अशा साध्या प्रसंगांपासून सुरुवात करून पुढच्या खंडांत आम्हाला सामाजिक प्रश्नांवर वाद घालण्यापर्यंत आणून सोडले. कोणता शब्द आधी द्यायचा आणि कोणता मागे ठेवायचा यावर किती बैठका झाल्या असतील, याची कल्पना मला स्वतः शिकवू लागल्यावर आली.

आणि कार्यालयाच्या खिडकीपलीकडच्या ताई! तैवानी अर्जांवर इसवी सनातून 1911 वजा करून वर्ष लिहावे लागते, म्हणजे 2017 हे वर्ष 106 होते. मी मात्र एका अर्जावर जन्मसालाच्या जागी 106 लिहून स्वतःला तान्हे मूल करून ठेवले होते. निवास परवान्याचे कागद पुढे गेल्यावर ही चूक उघडकीला आली असती, तर किती धावपळ झाली असती! आपण तो अर्ज शांतपणे परत दिलात, कोरा अर्ज पुढे केलात आणि वजाबाकी मलाच करायला लावलीत.

सोबतचे चिनी पत्र मी तीनदा तपासले आहे. तरीही त्यात काही राहिले असेल, तर कृपया लाल शाईने खुणा करून ते मला परत पाठवावे. उलटटपालाचा पत्ता लिहिलेले पाकीट जोडले आहे.

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी, पुणे