बादलीत बुडालेला पाइप

संपादक महोदय,

पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि काविळीचे रुग्ण वाढले की बोट पालिकेच्या जलवाहिनीकडे दाखवले जाते आणि अनेकदा ते योग्यही असते. पण मीटरच्या अलीकडे, आपल्याच इमारतीच्या नळजोडणीत पाणी कसे नासते, हे फारसे कोणी पाहत नाही.

आमच्या सोसायटीत सकाळी दोन तास पाणी येते. गेल्या महिन्यात तळमजल्यावरच्या थेट लाइनच्या नळाला पाइप लावून एक गृहस्थ गाडी धूत होते. पाइपाचे टोक साबणाच्या बादलीत बुडालेले, नळ उघडाच आणि तेवढ्यात पाणी गेले. नळात घरघर झाली आणि बघता बघता बादली निम्मी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बिऱ्हाडात पहिल्याच तांब्यात फेस आला. साबण होता म्हणून निदान कळले तरी.

पुरवठा थांबला की रित्या होणाऱ्या नळातला दाब उतरतो आणि बुडालेल्या टोकातून किंवा फुटक्या सांध्यातून मिळेल ते आत ओढले जाते. थेट लाइनला मोटर लावणारे तर ही ओढ स्वतःच निर्माण करतात. १९३३ मध्ये शिकागोतील दोन हॉटेलांत सदोष नळजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि आमांशाच्या साथीत शंभराच्या आसपास माणसे दगावली.

टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपाचे तोंड ओव्हरफ्लोच्या वर, पाइपाच्या व्यासाच्या किमान दुप्पट उंचीवर मोकळे ठेवणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकतो, पाइप आणि पाण्यामधली मोकळी हवा अडकत नाही. आमच्या जमिनीखालच्या टाकीत मात्र पाणी पडल्याचा आवाज नको म्हणून पाइप थेट तळापर्यंत नेलेला निघाला! बोअरची आणि पालिकेची लाइन एकत्र जोडून मध्ये नुसता कॉक ठेवण्याची पद्धतही तितकीच घातक आहे. घरात फिल्टर आहे म्हणून निर्धास्त असणारेही चूळ नळाच्याच पाण्याने भरतात.

नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो आणि तो आहे की नाही, हे साध्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने, म्हणजे पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंग पाहून, जागच्या जागी कळते. भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी पालिकेच्या अभियंत्यांनी टाकीचे झाकण उघडून पाइपाचे तोंड कुठे आहे ते पाहावे आणि जुन्या सोसायट्यांनी टाकी धुण्याच्या दिवशी प्लंबरकडून तेवढे तपासून घ्यावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे