बेटं विकली, बेटावरच्यांना विचारलं कुणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या ग्रीनलंड बेटावर आपल्या पेपरात आलेला लेख वाचला आणि त्यावरची वाचकांची पत्रंही वाचली. बहुतेकांचा सूर एकच दिसला, की अमेरिकेला सुरक्षेसाठी ते बेट हवंय, पैसे मोजायची तयारी आहे, डेन्मार्कला एवढ्या लांबचा कारभार परवडत नाही, मग रीतसर व्यवहार झाला तर बिघडलं कुठे. एकाने लिहिलंय की अशी खरेदी पूर्वी कधी झाली नाही म्हणून लोक उगाच दचकतायत. पण अशी खरेदी झालेली आहे, ह्याच दोन देशांमध्ये, ह्याच कारणासाठी, आणि त्याला जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं होतायत. ती गोष्ट कुणीच काढत नाही म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण कृपया काटछाट न करता छापा.

कॅरिबियन समुद्रात सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय अशी तीन बेटं आहेत, आज त्यांना यूएस व्हर्जिन आयलंड्स म्हणतात. १९१७ पर्यंत ती डेन्मार्कची होती. उसाचे मळे, आणि त्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं. १८४८ मध्ये ह्या माणसांनी उठाव करून गुलामी संपवायला लावली, तरी हलाखी तशीच राहिली, १८७८ ला मजुरांनी परत सेंट क्रॉयवर मळेच्या मळे पेटवून दिले. अमेरिकेचा डोळा ह्या बेटांवर त्याच्याही आधीपासून होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री असलेल्या ज्या सेवर्ड साहेबांनी रशियाकडून अलास्का घेतलं त्यांनीच १८६७ मध्ये ह्यातल्या दोन बेटांचा ७५ लाख डॉलरला सौदा ठरवला होता. आणि हे मुद्दाम लिहितो, त्या वेळी बेटांवर मतदान घेतलं होतं आणि लोक हो म्हणाले होते. पण करार अमेरिकेच्या सिनेटनेच मंजूर केला नाही. १९०२ ला परत बोलणी, ५० लाखांवर, तर डेन्मार्कच्या वरच्या सभागृहात ३२ विरुद्ध ३२ अशी बरोबरी झाली आणि विषय बारगळला.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१४ ला पनामा कालवा सुरू झाला होता, १९१५ ला जर्मन पाणबुडीने लुसिटेनिया ही प्रवासी बोट बुडवली, आणि वॉशिंग्टनला धास्ती बसली की उद्या जर्मनीने डेन्मार्क गिळला तर ही बेटं आपोआप त्यांच्या हातात जातील आणि कालव्याच्या तोंडाशी जर्मन पाणबुड्यांचा तळ उभा राहील. धास्ती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण पुढे काय केलं ते बघा. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी डेन्मार्कचे राजदूत ब्रून यांना जवळपास सरळच सांगितलं की विकलीत तर ठीक, नाहीतर वेळ आली तर आम्हाला ती ताब्यात घ्यावी लागतील. ह्याला विक्री म्हणायचं का? मानेवर सुरी ठेवून केलेला व्यवहार रीतसर असला तरी तो राजीखुशीचा होत नाही. ४ ऑगस्ट १९१६ ला न्यूयॉर्कमध्ये सह्या झाल्या. किंमत अडीच कोटी डॉलर, सोन्याच्या नाण्यांत. अख्खं अलास्का ७२ लाखांत आलं होतं, ह्यावरून भीतीची किंमत काय असते ते कळतं.

आता खरा मुद्दा. १४ डिसेंबर १९१६ ला ह्या विक्रीवर डेन्मार्कमध्ये सार्वमत झालं, सुमारे ६४ टक्के मतं विक्रीच्या बाजूने पडली. कुठे झालं, तर फक्त डेन्मार्कमध्ये. बेटांवरच्या लोकांना त्यात मत नव्हतं. डेन्मार्कच्या बायकांना आदल्याच वर्षी, १९१५ ला, मताधिकार मिळाला होता, म्हणजे कोपनहेगनच्या बाईला मत, पण जिचं घर, जिचं गाव विकलं जातंय त्या सेंट क्रॉयवरच्या फ्रेडरिकस्टेडच्या बाईला नाही. बेटांवर अनौपचारिक कौल घेतले गेले आणि त्यात लोकांचा कल अमेरिकेकडेच दिसला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. लोकांना वाटत होतं रोजगार येईल, शाळा येतील, नागरिकत्व मिळेल. पण त्या कौलाला कागदावर किंमत शून्य होती, आणि कागदावर किंमत नसली की पुढे काय होतं ते त्यांनी भोगलं.

डी. हॅमिल्टन जॅक्सन नावाचे सेंट क्रॉयचे एक शिक्षक होते. तुम्ही पेपरवाले आहात म्हणून त्यांचं आवर्जून सांगतो. त्या काळी बेटांवर सरकारी कृपेतले पेपर सोडून दुसरं काही छापायला बंदी होती. हा माणूस १९१५ मध्ये लोकांनी वर्गणी काढून दिलेल्या पैशांवर कोपनहेगनला गेला, थेट राजापुढे गाऱ्हाणं मांडलं आणि छापायची परवानगी घेऊन आला. १ नोव्हेंबर १९१५ ला 'द हेरल्ड'चा पहिला अंक निघाला, तिथे आजही त्या दिवशी सुट्टी असते. हेच जॅक्सन विलीनीकरणाच्या बाजूने होते, अमेरिकेच्या राज्यघटनेवर त्यांचा भरवसा होता.

आणि मिळालं काय? ३१ मार्च १९१७ ला सेंट थॉमसवर डॅनिश झेंडा उतरला, अमेरिकेचा चढला, तिकडे वॉशिंग्टनमध्ये लॅन्सिंगनी ब्रूनच्या हातात अडीच कोटींचा कागद दिला, आणि लगेच ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. करारात लिहिलं होतं की बेटांवरच्या लोकांचे नागरी हक्क आणि राजकीय दर्जा अमेरिकेची काँग्रेस ठरवेल. मग ठरलं असं की हे लोक अमेरिकेचे आहेत, पण अमेरिकेचे नागरिक नाहीत. नेव्हीचे अधिकारी गव्हर्नर म्हणून बसले, ते १९३१ पर्यंत. नागरिकत्व मिळायला १९२७ उजाडलं. मध्येच अमेरिकेची दारूबंदी बेटांनाही लागू झाली, त्यात सेंट क्रॉयच्या रमचा धंदा झोपला आणि माणसं न्यूयॉर्कची वाट धरायला लागली. आपला गव्हर्नर आपण निवडायचा हक्क मिळाला १९७० च्या निवडणुकीत. आणि अध्यक्ष निवडायला मत? ते आजतागायत नाही. काँग्रेसमध्ये त्यांचा एक प्रतिनिधी असतो, तो बोलू शकतो, पण सभागृहात कायद्यावर शेवटचं मतदान होतं तेव्हा त्याचं मत धरत नाहीत. ज्या जर्मन पाणबुड्यांसाठी हे सगळं केलं त्यांचं युद्ध नोव्हेंबर १९१८ ला संपलं, म्हणजे दोन वर्षंसुद्धा नाही, आणि लोकांच्या मताचा प्रश्न शंभर वर्षं उलटून गेली तरी तिथेच आहे.

मी मर्चंट नेव्हीत होतो, टँकरवर. सेंट क्रॉयला तेव्हा मोठी रिफायनरी होती, तिथे आमचं जहाज लागायचं. वेळ मिळाला की आम्ही क्रिश्चनस्टेडला जायचो, बंदरावर पिवळाजर्द डॅनिश किल्ला आहे, आणि गाड्या आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात पण स्टिअरिंगही डावीकडेच, कारण रस्त्याचा नियम जुना आणि गाड्या अमेरिकेतून आलेल्या. एका टॅक्सीवाल्याला विचारलं तुम्ही अमेरिकन ना, तर म्हणाला सैन्यात घेतात तेव्हा पूर्ण अमेरिकन. त्याचा भाऊ फ्लोरिडाला राहायला गेला होता, त्याला तिथे मत होतं. हाच भाऊ परत घरी आला की मत गेलं. माणूस तोच, पासपोर्ट तोच. हे सांगताना तो चिडलेला नव्हता, रोजचं झालेलं होतं, आणि मला तेच जास्त लागलं.

आता ह्याचा ग्रीनलंडशी संबंध काय ते सांगतो. ज्या दिवशी बेटांच्या विक्रीवर सह्या झाल्या त्याच दिवशी लॅन्सिंगनी लेखी दिलं की डेन्मार्कने आपले राजकीय आणि आर्थिक हितसंबंध सगळ्या ग्रीनलंडवर पसरवले तर अमेरिकेची हरकत असणार नाही. म्हणजे ती तीन बेटं घेताना ग्रीनलंडवरचा हक्क सोडला, तो सौद्याचाच भाग होता. १९४६ मध्ये ट्रुमन सरकारने तरीही १० कोटी डॉलरची सोन्यात ऑफर दिली, ती डेन्मार्कने नाकारली. आणि सुरक्षेचंच म्हणाल तर १९४१ ला, डेन्मार्क हिटलरच्या ताब्यात असताना, वॉशिंग्टनमधल्या डॅनिश राजदूताने अमेरिकेशी संरक्षण करार केला आणि अमेरिकन फौज तिथे उतरली. १९५१ ला नवीन करार झाला तो आजही चालू आहे, ग्रीनलंडमधला पिटुफिकचा अमेरिकन लष्करी तळ त्याच करारावर उभा आहे. पूर्ण शीतयुद्ध ह्या करारावर निघालं, तेव्हा समोर अख्खा सोव्हिएत युनियन होता. मग आत्ता असं काय आलंय की ज्याला भाड्याने घर चालत नाही, सातबाराच नावावर हवा? ह्याचं उत्तर विकत घ्या म्हणणाऱ्या एकाही पत्रात मला सापडलं नाही.

मी डेन्मार्कची बाजू घेतोय असं कृपया समजू नये. १९५३ मध्ये त्याच तळाच्या वाढीसाठी उम्मनाक गावातल्या इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, कुटुंबांना थोड्या दिवसांची मुदत देऊन शंभरेक किलोमीटर वर उत्तरेला हाकललं, ते डॅनिश सरकारनेच. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिकारीच्या जागा सुटल्या, आणि त्यांना भरपाईसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली ती १९९० नंतर. ग्रीनलंडच्या बायका-मुलींना न विचारता गर्भनिरोधक बसवले, त्याची माफी डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी २०२५ मध्ये मागितली. सुरक्षा असो, विकास असो, निर्णय लांबच्या राजधानीत आणि घर उठतं ते बेटावरच्याचं. फरक एवढाच की २००९ च्या कायद्याने डेन्मार्कने आता कागदावर मान्य केलंय की ग्रीनलंडचे लोक स्वतःचं भविष्य स्वतः ठरवू शकतात. हा कागद १९१६ ला सेंट क्रॉयच्या लोकांकडे नव्हता. २०२५ च्या जानेवारीतल्या पाहणीत ८५ टक्के ग्रीनलंडवासी अमेरिकेत जायला नको म्हणाले. सत्तावन्न हजारांच्या आसपास माणसं आहेत, कल्याण-डोंबिवलीच्या एका कोपऱ्यात मावतील, पण कमी आहेत म्हणून त्यांचा देश दुसऱ्याच्या कपाटात ठेवता येत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ह्याच डेन्मार्कने १८४५ ला तमिळनाडूतलं तरंगंबाडी आणि बंगालमधलं सेरामपूर इंग्रजांना विकलं आणि १८६८ ला निकोबारवरचा हक्क त्यांनाच विकला, तिथल्या निकोबारींना कुणी विचारलं नव्हतं. आणि आपली मुंबई तर १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला आंदण दिली आणि त्याने १६६८ ला कंपनीला वर्षाला १० पौंडावर देऊन टाकली. तेव्हा ह्या बेटांवर कोळी होते, भंडारी होते, आगरी होते. अशा मुंबईच्या पेपरात 'पैसे देतायत ना, मग काय' असं छापून येतं तेव्हा वाईट वाटतं.

माझी विनंती एवढीच आहे. ग्रीनलंडवर पुढचं पान कराल तेव्हा खनिजं किती, जहाजांचे मार्ग कुठले, रशिया-चीन किती जवळ, हे सगळं छापाच, पण सोबत २००९ चा तो कायदा आणि १९१६ चं लॅन्सिंग यांचं लेखी पत्र ह्या दोन्हीचा मजकूर मराठीत छापा. आणि ग्रीनलंडच्या राजधानीतल्या, नूकमधल्या सरकारचं म्हणणं काय आहे ते एका चौकटीत द्या, वॉशिंग्टन आणि कोपनहेगनच्या बातमीच्या आधी.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनीअर, डोंबिवली