भावा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर सांगत होतास, ऑफिसातल्या एका मुलीला "फाईल पाठव की भावा" म्हणालास आणि ती चिडली. तुझं म्हणणं, कोल्हापुरात भावा सगळ्यांनाच म्हणतात, त्यात राग येण्यासारखं काय? निम्मं खरं आहे तुझं.

मी त्याच गावची. लग्नापर्यंत "मी आलो", "मी जेवतो" असंच बोलायचे. आम्ही सगळ्याच पोरी. आपण पुरुषासारखं बोलतोय हे कुणाच्या मनातही नसायचं. पुण्यात सासरी आले आणि पहिल्याच आठवड्यात "मी भाजी निवडतो" म्हणाले, तर घरातली माणसं हसून बेजार. तेव्हापासून जीभ वळवली. जे बोलणं गावात सगळ्यांचं होतं, ते वेशीबाहेर पडल्यावर पुरुषाचं झालं.

काही शब्दांना हा ताप नाही. इंग्रजीत २०२१ साली क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीला नियमांतला 'बॅट्समन' काढून 'बॅटर' घालावा लागला; आपला 'फलंदाज' स्मृती मानधनालाही आहे तसाच चालतो. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा मात्र घरोघरी एकच खल, बाईला राष्ट्रपती कसं म्हणायचं? अरे, तो पती म्हणजे नवरा नव्हे, सेनापतीतला पती. शब्द टिकला. पुढे २०२२ मध्ये एका खासदाराच्या तोंडून द्रौपदी मुर्मूंसाठी 'राष्ट्रपत्नी' निघालं, तर संसदेत गदारोळ झाला आणि त्यांना लेखी माफी मागावी लागली.

तेव्हा शब्द एकदा उलटा फिरवून बघ. मुलीला भावा म्हटलंस की तुला वाटतं, तिला आपल्यात घेतलं. तुला कुणी चारचौघांत "अगं" म्हणालं तर? सातवीत तू मारामारी करून आला होतास, कारण काय, तर कुणी "बांगड्या भर" म्हणालं. फाटलेल्या शर्टाचं बटण मी लावून दिलं, बांगड्या भरलेल्या हातांनीच. तेव्हा बोलले नाही, पण लागलं होतं.

तिच्यापुढे लांबण लावू नकोस. तोंडातली सवय आहे म्हणून सांग आणि नावानं हाक मार. दुसऱ्या कुणी मैत्रिणीला भावा चालत असेल, तर तिला खुशाल म्हण.

दिवाळीला मी मामाकडे जातो, तू थेट तिकडेच ये. (बघ, माहेरचं नाव काढलं की लिहितानासुद्धा आलंच.)

तुझी,
आई