योजनेने फरक पडला का, हे बघायच्या नोकरीबद्दल

बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस, आई, ग्रामीण योजनांचं मूल्यमापन करून होतं काय, सरकार शेवटी करायचं तेच करतं. तेव्हा घाईत होते म्हणून आता लिहितेय, तू याच लाइनमध्ये यायचं म्हणतेयस ना.

योजना आली, उत्पन्न वाढलं, म्हणजे योजना चालली असं बऱ्याच जणांना वाटतं, अगं पण त्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल, भाव चढले असतील, घरातलं कुणी शहरातून पैसे पाठवत असेल. योजना नसती तर काय झालं असतं, आमचा पगार या एकाच प्रश्नाचा. त्यासाठी बेसलाइन, म्हणजे योजनेआधी लोकांची स्थिती काय होती त्याची मोजणी, आधी घ्यावी लागते आणि आम्हाला बोलावणं येतं उद्घाटन झाल्यावर!

मेक्सिकोत १९९७ ला प्रोग्रेसा नावाची सरकारी योजना सुरू झाली, मुलं शाळेत गेली, दवाखान्यात तपासणी केली तर आईच्या हातात रोख पैसे. सगळीकडे एकदम सुरू करणं शक्य नव्हतं, मग अभ्यासासाठी ५०६ गावं घेतली, ३२० ना आधी आणि १८६ ना नंतर, कुणाचा नंबर आधी ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. त्यामुळे तुलना करता आली, माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्या हे ठामपणे सांगता आलं. २००० मध्ये सत्ता बदलली तरी योजना टिकली त्यात या आकड्यांचा हात होता, पण २०१९ ला ती गुंडाळलीच, आकडे होते तिथेच होते. म्हणजे तुझं म्हणणं निम्मं खरंय.

उलटंही होतं. मायक्रोक्रेडिटचं, म्हणजे गरिबांना धंद्यासाठी छोटी कर्जं देण्याचं, केवढं कौतुक होतं, २०१५ मध्ये सहा देशांतले अभ्यास एकत्र छापून आले, धंदा थोडाफार वाढतो पण घरचं उत्पन्न फारसं हलत नाही. असा रिपोर्ट दिला की "मॅडम, जरा पॉझिटिव्ह लिहा ना" सुरू होतं. मी वाक्य हवं तर मऊ करते, आकड्यांच्या टेबलला हात लावू देत नाही.

आणि सॉफ्टवेअर काय, शिकशील. सर्व्हे शिक. वर्षाला किती कमावता विचारलं की माणूस आधी मनात हिशोब करतो, जास्त सांगितलं तर योजनेच्या यादीतून नाव जाईल का. म्हणून आम्ही खर्च विचारतो, गेल्या आठवड्यात काय काय आणलं, एकेक वस्तू, तासभर जातो, दोघंही कंटाळतात, पण आकडा बरा मिळतो.

तुझ्या प्रोजेक्टची प्रश्नावली पाठव, बघते. उत्पन्नाचा प्रश्न पहिल्या पानावर असेल तर आधी तो मागे टाक.

आई